साहेबाची माशी आणि शहापूरचा दोरा

"साहेबाच्या छंदाला मराठीत जागा कशाला?" हा प्रश्न मला शहापुरात विचारला गेला, तोही भर सभेत. सीमाभागात थंडीच्या दिवसांत गावोगाव छोटी साहित्यसंमेलनं भरतात, त्यातलाच एक मेळावा होता. मी गोव्याहून गेलेला पाहुणा, आणि विषय मीच निवडलेला. ट्राउट माशासाठी कोंबड्याच्या पिसाची तरंगती माशी कशी बांधतात आणि ती पाण्यावर कशी सोडतात, एवढाच. बोलणं संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. म्हणाले, "इथं आमच्या पाट्या जातायत, शाळा बंद पडतायत आणि तुम्ही पीस घेऊन बसलाय काय हो?" टाळ्या पडल्या. जेवणाची वेळ झाली होती, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, आणि उत्तर राहून गेलं. ते आता देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहापूरची जखम मला परकी नाही. हे गाव सांगली संस्थानाचं, बेळगावला खेटून असलेलं. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५६ मध्ये बेळगावसकट सगळंच म्हैसूर राज्यात गेलं. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि बेळगावचं अधिकृत 'बेळगावी' झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका लग्नकार्याला शापुरी लुगडं नेसत, आणि घाट उतरून आलेल्या त्या लुगड्याचं कौतुक आज्जी मरेपर्यंत करत होती. त्यामुळे पाटीवरचं अक्षर पुसलं गेलं की काय वाटतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आम्ही गोव्यात राजभाषेच्या वादात होरपळून निघालेली माणसं आहोत.

माझी तक्रार वेगळी आहे. भाषेची लढाई म्हणजे फक्त पाटी, शाळा आणि दाखला असं आम्ही ठरवून टाकलं आहे. बाकीचं जग साहेबाला, सरकारला, फार तर इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला आंदण देऊन मोकळे झालो आहोत. पाटीवर मराठी राहिली आणि पाटीखालच्या दुकानातल्या, मागावरच्या, ओढ्यातल्या एकाही वस्तूला मराठीत नाव उरलं नाही, तर त्या पाटीला चाटायचं आहे का?

असो. आधी ही माशी म्हणजे काय ते सांगतो, कारण सभेत निम्म्या लोकांचा समज होता की मी घरमाशीविषयी बोलतो आहे.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर जाऊ लागलं की त्याचा जीव घुसमटतो, म्हणून आपल्या सह्याद्रीत तो नाही. काश्मीरमध्ये साहेबानं तो १९०० मध्ये रुजवला, कुलूच्या खोऱ्यात १९०९ च्या सुमारास आणि निलगिरीतही त्याच दशकात. हा मासा पाण्यावर उतरणारे किडे खातो. त्यातला मुख्य म्हणजे इंग्रजीत ज्याला मेफ्लाय म्हणतात तो. पाण्याखाली दगडाला चिकटून तो महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं काढतो, मग वर येऊन पंख उघडतो, आणि पंख आल्यावर जेमतेम एखादा दिवस जगतो. त्या दिवसात तो खातही नाही, तोंड असतं पण निरुपयोगी. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा किड्यांत हा एकटाच. पंख वाळवत तो पाण्यावर तरंगत जातो, तेव्हा खालून मासा येतो आणि ओठ लावल्यासारखा त्याला टिपतो.

आता हे सोंग गळावर कसं आणायचं? गळ लोखंडाचा, तो बुडणार. इथं कोंबडा कामाला येतो. पिकल्या वयाच्या कोंबड्याच्या मानेवर जी लांब, निमुळती, चकाकणारी पिसं असतात, त्यांचे केस ताठ असतात. असं एक पीस देठाशी रेशमी दोऱ्यानं पक्कं करायचं आणि गळाच्या दांडीभोवती उभ्या अंगानं चार-पाच वेढे द्यायचे. केस चहूबाजूंनी फाकतात, जसा पायलीभर फुलांचा गजरा दाबून गोल केला तर पाकळ्या फाकतील तसे. त्या केसांची टोकं पाण्याच्या ताणलेल्या पातळ सायीवर टेकतात आणि गळ वर उचलून धरतात. शेपटीलाही तीच ताठ पिसं. अंगाला पिसाचा सोललेला देठ किंवा सशाच्या लोकरीची वळलेली वात. दोऱ्याला मेण. शेवटची गाठ अशी की दोऱ्याचं टोक दोऱ्याच्याच वेढ्यांखाली दडवून ओढून घ्यायचं. आपल्याकडे गरी बांधणारा माणूस नेमकी हीच युक्ती करतो, फक्त तिला नाव देत नाही.

पीस मऊ असेल तर माशी बुडते. वेढे जास्त झाले तर ती केरसुणीसारखी दिसते आणि मासा हसून निघून जातो. दोरा जाड असेल तर डोक्याशी गाठोडं होतं. सगळा खेळ तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या जागेत.

या एवढ्याशा जागेवर इंग्रजांनी काय काय लिहून ठेवलं आहे! पिसाची माशी त्यांची नव्हेच मुळी. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे धरतात असं लिहून ठेवलंय. इंग्रजीत १४९६ मध्ये बारा माशांच्या कृती छापल्या गेल्या. पण तरंगत्या माशीचं शास्त्र बसवलं ते फ्रेडरिक हॅलफर्डनं, १८८६ च्या पुस्तकात. त्याचं म्हणणं, नदीवर आधी किडा ओळखा, त्याचीच नक्कल बांधा, ती कोरडी ठेवा आणि वर उठणाऱ्या माशाच्या पुढ्यात सोडा. मग आला स्क्यूज नावाचा वकील. तो म्हणाला, अहो, मासा बहुतेक वेळ पाण्याखालीच खातो, तेव्हा किड्याच्या पिल्लाची बुडती नक्कल वापरली तर पाप कसलं? झालं! यावर हे लोक जवळजवळ तीस वर्षं भांडले. १९३८ च्या फेब्रुवारीत, युरोपावर युद्धाचे ढग जमलेले असताना, लंडनच्या एका क्लबात यावर रीतसर वादसभा झाली आणि ऐंशीला टेकलेला स्क्यूज तिथं आपली बाजू मांडायला उभा राहिला.

हे वाचून तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. पण त्या भांडणातून काय उरलं ते बघा. पंख धुरकट असतानाच्या किड्याला एक नाव, दुसरी कात टाकून चकचकीत झालेल्या किड्याला दुसरं. पाण्यावर मासा वर येतो त्या हालचालीचे प्रकार, त्यांना नावं. पिसाच्या रंगांना नावं, तांबडा, राखाडी, मधाळ, काळ्या मध्याचा. रिकामटेकड्यांच्या भांडणानं भाषेच्या कोठारात पोत्यांनी धान्य भरलं. आम्ही भांडतो ते कोठाराच्या दारावर कोणत्या लिपीत नाव लिहायचं यावर. आत उंदीर फिरतायत.

"पण ते सामान तरी आपलं आहे का?" हा त्याच सभेतला दुसरा प्रश्न. यावर मात्र मला खरोखर हसू आलं. बाबांनो, कोंबडा कुठला? घरचा कोंबडा मुळात आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या रानकोंबड्यांतून आलेला. विलायतेतल्या माशी बांधणाऱ्यांच्या दुकानांत 'इंडियन केप' हा मालाचा एक प्रकारच होता. म्हणजे हिंदुस्थानातून गेलेली गावठी कोंबड्याच्या मानेची पिसांसकट कातडी. अमेरिकेतल्या पैदासकारांनी १९७० च्या दशकापासून खास लांब पिसांचे कोंबडे वाढवायचा धंदा थाटला तोवर तिकडच्या सामान्य माशी बांधणाऱ्याची गरज आपल्या उकिरड्यावरच्या आणि चिनी कोंबड्यानंच भागत होती.

आणि आपला राखी रानकोंबडा? चोर्ल्याच्या, आंबोलीच्या, खानापूरच्या रानात पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते तोच. त्याच्या मानेच्या पिसावर मेणाचे थेंब सांडावेत तसे पांढरे-पिवळे ठिपके असतात. सामन माशासाठीच्या भपकेबाज विलायती माश्यांवर डोळा म्हणून तेच पीस लागे. त्यापायी किती कोंबडे मेले असतील कुणास ठाऊक. रानपाखरांची पिसं परदेशी पाठवण्यावर सरकारनं १९०२ मध्येच बंदी आणली होती आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तर शिकारच बंद केली. ते योग्यच झालं. या भपक्याचं वेड कुठवर जातं ते २००९ मध्ये दिसलं. इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहालयात शिरून एका तरुण बासरीवादकानं दुर्मिळ पक्ष्यांची २९९ कातडी पळवली, माश्या बांधण्यासाठी! त्यात वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञानं गोळा केलेले नमुनेही होते. म्हणून मी भेद करतो. सामनची माशी ही दागिना आहे, तिला सोसापायी रान लागतं. ट्राउटची तरंगती माशी गरीब आहे, तिला परड्यातला म्हातारा कोंबडा पुरतो.

तो कोंबडाच आता मिळेना झालाय, हे मात्र खरं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत सुरीखाली जातो, त्याच्या मानेवर कामाचं पीस येतच नाही. ते यायला कोंबडा वर्षभर तरी जगावा लागतो, आरवावा लागतो, चार भांडणं करावी लागतात. खासबागच्या आठवडी बाजारात मी असा एक तांबडा कोंबडा शोधत तासभर फिरलो. विकणाऱ्यानं मटणाचा भाव सांगितला, मी पिसांचा विचारला, त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पूर्ण कोंबडाच घेतला.

तो कोंबडा घेऊन मी गेलो ते शहापुरातल्या एका विणकराच्या घरी. ओळखीतलं घर, नाव सांगत नाही. घरात पूर्वी खड्डा माग होता, आता दोन यंत्रमाग आहेत, त्यातला एक बंद. सुरतेची साडी इतकी स्वस्त येते की इथला धागा विणायलाही परवडत नाही, ही तिथल्या प्रत्येक घरातली रडकथा. म्हातारबुवा पंचाहत्तरीचे. मी माझा छोटा शिकंजा टेबलाच्या कडेला लावला, गळ अडकवला आणि एक माशी बांधून दाखवली. मला बारा मिनिटं लागली. ते बघत होते. मग म्हणाले, "ह्ये तर कांडीचंच काम की हो," आणि हात पुढे केला.

पहिली माशी त्यांनी बिघडवली. दुसरीच्या वेळी त्यांनी माझा नायलॉनचा दोरा बाजूला ठेवला, आतून जुन्या साडीच्या ताण्यातलं उरलेलं रेशीम आणलं, त्याचा पीळ नखानं उलटा फिरवून ते चपटं केलं आणि मेण लावून बांधायला घेतलं. दोरा चपटा झाला की गाठ फुगत नाही, ही गोष्ट मला इंग्रजी पुस्तकातून शिकायला दोन वर्षं लागली होती. त्यांनी ती विचारलीही नाही. तिसरी माशी मी वाटीभर पाण्यावर सोडली तर ती टाचणीवर उभी राहावी तशी राहिली. सूनबाईंनी चहा आणला आणि वाटीत किडा पडलाय म्हणून ती उचलायला गेल्या.

बोलताना ते धोट्याला एकदा धोटा म्हणाले, एकदा लाळी. मागाला माग आणि मग्ग दोन्ही. ताणा, बाणा, फणी, खळ, हे सगळे शब्द त्यांच्या तोंडून कानडी आणि मराठी असे हातात हात घालून येत होते. नातू शेजारी मोबाईल घेऊन बसलेला. त्याला मी विचारलं, फणी म्हणजे काय? तो म्हणाला, "केसांची?" तो मराठी शाळेत शिकतो. पाटी शाबूत असलेल्या शाळेत.

आता सांगा, त्या सभेतल्या गृहस्थांना मी काय उत्तर देऊ? त्यांची शाळा वाचली तरी हा शब्द वाचत नाही, कारण तो पुस्तकात नव्हता, तो हातात होता. हाताला काम राहिलं नाही की शब्द निघून जातो. त्याला कुणी कानडी सरकारनं हाकललेलं नाही.

माशांच्या नावांचंही तेच. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरला आणि १८३९ मध्ये त्याचा इथल्या माशांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. शास्त्रीय नावं देताना त्यानं सरळ आपल्या कोळी-भोयांच्या तोंडची नावं उचलली. खुदरी, मसाला, कोळस, पोटील, शिंगटी, फुलंगी, अळकुटी, सगळी लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसली. मुळा-मुठेतला महसीर जगभर 'टॉर खुदरी' म्हणून ओळखला जातो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या अनाम भोयाचा शब्द जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे, आणि आमच्या साहित्यिकाच्या तोंडी 'गोड्या पाण्यातला मासा'. आम्हां गोवेकरांना तर मासा ताटात आल्यावरच दिसतो. हुमणात काय पडलं हे डोळे मिटून सांगू, पण तो पाण्यात असताना काय खात होता हे विचारलं की गप्प.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो, कारण तो खरा आहे. हा श्रीमंतांचा खेळ झालाय. परदेशी काठी, परदेशी दोरी, चिनी माश्यांची डबी, मासा धरून फोटो काढून परत सोडायचा, आणि त्याच नदीवर पोटासाठी गरवायला बसलेल्या माणसाला चोर म्हणायचं. ही जमात मी पाहिली आहे आणि मला तिचा संताप येतो. मांडवीच्या काठी मानशीजवळ गरी घालून बसलेला म्हातारा भरती-ओहोटीबद्दल जे जाणतो ते या मंडळींना सात जन्मांत कळणार नाही. पण खेळ चुकीच्या हातात गेला म्हणून विद्या टाकून द्यायची का? एक गळ, हातभर दोरा, कोंबड्याचं पीस. यात श्रीमंती कुठं आली? खानापूरच्या खाली मलप्रभेत बोटभर लांबीच्या, अंगावर निळसर पट्ट्या असलेल्या चपळ मासळ्या आहेत. त्यांच्या एका मोठ्या चुलतभावाला साहेब 'इंडियन ट्राउट' म्हणत. म्हातारबुवांची ती तिसरी माशी मी त्यांच्यावर सोडली. पाचव्या फेकीला एकीनं ती घेतली. साधी बांबूची काठी होती.

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. तरंगती माशी बांधायची तर नदीत काय जगतं ते आधी बघावं लागतं. दगड उलटावा लागतो. मेफ्लायची बहुतेक पिल्लं घाणेरड्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञही पाण्याची परीक्षा त्यांच्यावरून करतात. शहापूरच्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. म्हातारबुवा सांगत होते की पोरपणी ते त्यात टॉवेलानं मासे धरायचे. आज त्यात शहराचं सांडपाणी वाहतं आणि दर पावसाळ्यात तो वडगाव-शहापूरच्या भातशेतात चढतो. या नाल्यावर जितके मोर्चे शेतकऱ्यांनी काढले तितक्या ओळी तरी आमच्या सीमाकवींनी लिहिल्यात का? नाला ना मराठी ना कानडी, म्हणून त्याला कुणी वाली नाही.

नुसत्या दयेनंही भागत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं महसीरची पैदास केली, लाखो पिल्लं वाढवली, ही मोठीच गोष्ट. पण आपल्याकडचा तो निळसर पराचा महसीर कावेरीतही सोडला गेला आणि तिथला मूळचा, पाठीला मदार असलेला महसीर मागे रेटला गेला. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय ओळख पक्की मिळाली २०१८ मध्ये, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर होता. मासा म्हणजे मासा, असं समजणाऱ्यांच्या हातून असंच होणार. मृगाच्या पहिल्या पुरात अंडी घालायला वर निघालेले चढणीचे मासे पोत्यांनी मारून आणण्यात आपण मर्दुमकी समजतो, तेही त्यातलंच. ब्लिचिंग पावडर टाकून व्हाळच्या व्हाळ मारणारे तर आपल्याच गावचे असतात.

म्हादईचंही बोलायलाच हवं, कारण वाचणारे गोव्याचे आहेत. लवादानं २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले, त्यातले ३.९ कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवायला. हे आकडे आज गोव्यातल्या शाळकरी पोराला पाठ आहेत. नदीला आम्ही आई म्हणतो, गाणी म्हणतो, कणकुंबीला जाऊन ओंजळभर पाणी कपाळाला लावतो. पण वळवल्यावर नेमकं काय मरेल, असं विचारलं तर आम्ही पुन्हा आकडाच सांगतो. त्या पाण्यात कोण राहतं याची यादी आमच्या भाषेत नाही, मग न्यायालयात तरी कुठून येणार?

तेव्हा एक काम करा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की आपल्या गावच्या व्हाळात घोटाभर पाण्यात उतरा. वाहत्या धारेतला नारळाएवढा दगड उचला आणि खालची बाजू बघा. गवताच्या बीएवढा, चपटा, कडेला पिसांसारखे कल्ले हलवणारा एखादा किडा दिसेल. त्याच्या शेपट्या मोजा. तीन असतील तर तो बहुतेक हाच. दगड होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की याला काय म्हणायचे, आणि जो शब्द मिळेल तो, मराठी असो की कोंकणी की कानडी, गावाच्या नावासकट मला लिहून पाठवा. आतापर्यंत माझ्याकडे चार आले आहेत, त्यातले दोन शहापूरचे.